खाली म्हणजे खाली

वसंता, आधी भांडण मिटवू, मंग रडू. रडायले माह्याजवळ उरलेलं आयुष्य पडलं आहे. भांडण मात्र ताजं असतं तवाच भांडून घ्यावं, असं तूच सांगत होता. अन् या खेपेले तुले उलटून बोलता येत नाई, म्हणजे तीस वर्षांत पहिल्यांदाच मी जिंकायची पाळी आली आहे. ती मी काई सोडत नाई.

परवा तुही तेरवी झाली. लोक लय चांगलं बोलले. वसंतराव सरळ माणूस होते, जमीन मोजायले गेले का कोणाच्या बांधावर पाणीसुद्धा पेत नव्हते, असं एकानं सांगतलं. मी मान घालून ऐकत होतो. हा सरळ माणूस माह्या दुकानात येऊन माह्या वाट्याचा चहा पेऊन जात होता, हे काई मी सांगतलं नाई. तेरवीच्या पंगतीत खरं बोलून कोणाचं भलं होत नाई.

पण काल जे झालं ते तुले सांगणं भाग आहे. नागपूरच्या दवाखान्यातून तुनं मले फोनवर एकच काम सांगतलं होतं, का गाडी खाली करून ठेवजो. मी केली. सहा दिवस खपून केली. अन् काल तुह्या अंगणात तुही पोरगी मले म्हणते, पापांनी हे सांगतलंच नव्हतं. तुहा माह्याशी बोललेला शेवटचा शब्द मी उलटा ऐकला म्हणे. गाडीचं काय, पाटे पुन्हा चढवता येतात. पण मित्राचा शेवटचा शब्दच उलटा ऐकला असंल, त तो कुठून सरळ करून आणू?

म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. तुले माहीत आहे, तरी सांगतो. मले ते माह्या तोंडून ऐकायचं आहे.

माहं काम कमानपाट्याचं, गाडीचं ओझं झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचं. ट्रक असो का ट्रॅक्टरची ट्रॉली, ओझ्यानं मागून बसली का गोंदिया रोडवर माह्या दुकानात येते अन् ताठ होऊन जाते. पाटे खोलायचे, भट्टीत लाल करायचे, घणाखाली बाक द्यायचा, मंग त्याले पाणी चढवायचं. लोखंडाले पाणी बरोबर बसलं त पाटा वर्षानुवर्षं कुरकुर करत नाई, अन् पाणी मेलं त महिनाभरात तोंड पाडते. माह्या बापानं मले एकच शिकवलं होतं, का आपला धंदा बसलेल्याले उभं करायचा आहे, उभ्याले बसवायचा नाई. हे मी तुले इतक्या वेळा ऐकवलं होतं का माह्या आधी तूच ते वाक्य पुरं करत होता.

तू पहिल्यांदा दुकानात आला तोही याच कामासाठी. तुही बदली बिरश्याले, जंगलातल्या गावाले झालती. सेकंडहँड घेतलेली ती उंच, चौकोनी, डिझेलची गाडी, अन् जंगलातल्या वाटेनं तिचं पोट घासून राह्यलं होतं. मी मागच्या कमानीत एक पाटा वाढवला, पुढच्या स्प्रिंगांवर जाड रबराची बैठक टाकली. गाडी चार बोटं वर उठली. खालून कुत्रं मान न वाकवता निघून जाये. तू तिच्याभोवती तीन चकरा मारल्या अन् विचारलं, पडणार त नाई ना बे? ओळख होऊन एक तास झाला होता अन् तू मले बे म्हणला. मले बरं वाटलं. सरकारी माणूस बे म्हणते म्हणजे तो आपल्यातलाच आहे.

मंग वीस-पंचवीस वर्षं ती गाडी तुह्या मोजणीच्या साखळ्या अन् काठ्या घेऊन रानोमाळ फिरली. एका रविवारी तू मलेही उकव्याच्या खाणीकडे घेऊन गेलता, आठवते? नाल्याले पाणी होतं. मी म्हणलं, घाल गाडी, मी कशाले उंच करून देली? तू ऐकला नाई. पॅन्ट गुडघ्यावर घेतली, काठी काढली अन् नाल्याच्या मधात उभा राहून पाणी मोजून राह्यला. दोन फूट चार इंच, म्हणे. तेवढ्यात खाणीतल्या कामगारांची बस आली, न थांबता नाल्यातून निघून गेली अन् तुले डोक्यापासून पायापर्यंत भिजवून गेली. तू तसाच उभा. चष्मा पुसला अन् म्हणला, आता लाट धरून दोन फूट सात इंच. मी डॅशबोर्डवर डोकं ठेवून हासलो, पोट दुखेपर्यंत हासलो. तू गेल्याची खबर आली तवा सगळ्यात पहिले मले हेच आठवलं अन् मी हासलो, वसंता. बायको माह्या तोंडाकडे पाहतच राह्यली. मंग रडलो.

मोजल्याशिवाय पाऊल टाकायचं नाई, हा तुहा स्वभाव. शब्दाचंही तसंच. आपल्या बालाघाटात मराठी अन् हिंदी एका ताटात जेवतात, कोणता घास कोणाचा ते कोणी पाहत नाई. तूही पाहत नव्हता, तुह्या पोरीच्या, मीनलच्या लग्नापर्यंत. त्या लग्नात तुनं मले एक काम सांगतलं होतं, वऱ्हाडासाठी मोठी खोली खाली ठेवजो. मी म्हणलं हौ. वरच्या मजल्यावरची हवेशीर मोठी खोली मी तांदळाच्या पोत्यांनी अन् भाड्यानं आणलेल्या भांड्यांनी भरून टाकली, अन् वऱ्हाडाच्या गाद्या नेऊन टाकल्या खाली, आचाऱ्याच्या भट्टीले लागून असलेल्या खोलीत. नवरदेवाचा काका जबलपूरचा. धुरानं खोकून खोकून बेजार झाला बिचारा. तू डोकं धरून बसला. तुले खाली म्हणजे रिकामी पाहिजे होती. तू हिंदीतलं खाली बोलला अन् मी मराठीतलं ऐकलं.

पाहुणे गेल्यावर तुनं मले समोर बसवलं अन् करार केला. म्हणे, बालाघाटात एका शब्दाले दोन माहेरं आहेत, तवा आपण दोघांनी तरी ठरवून घेऊ. रिकामं असंल त रिकामं म्हणायचं. खाली म्हणजे खाली. मी म्हणलं, मंजूर. त्या दिवसापासून तू माह्यासमोर चहाच्या रिकाम्या ग्लासाले कधी खाली ग्लास म्हणला नाई. मी चुकलो का लगेच बोट वर करत होता. हा करार तुनं केलता, मी नाई. हे ध्यानात ठेव, पुढं लागणार आहे.

तू रिटायर झाला अन् वर्ष-दीड वर्षात हे खूळ काढलं, का गाडी खाली करून दे. मी म्हणलं, काहून? तू म्हणला, आता जंगलात कोण जाते, शहरात उंच गाडी बावळट दिसते, बसकी गाडी कशी रुबाबदार दिसते. मले ते ऐकून हासूच आवरलं नाई. दुकानातल्या चार लोकांसमोर मी तुही टर उडवली. म्हणलं, पाहा बाप्पा, साहेबायले म्हातारचळ लागला, आता टोपी उलटी घालतीन अन् गाडीत ढमढम गाणे लावून बसस्टँडवर चकरा मारतीन. सगळे हासले. तूही हासला. अन् पुढच्या महिन्यात पुन्हा आला, तेच मागायले.

माहीही बाजू ऐक. गाड्या बसवणारे मी पायले आहेत. गॅस कटरनं स्प्रिंगचे दोन वेढे कापतात, नाई त आग लावून तापवतात, स्प्रिंगचं पाणी मरते अन् ती आपोआप खाली बसते, झालं काम. शॉकअप तेच जुने लांब ठेवतात. गाडी दिसते रुबाबदार अन् चालते खडखड, बसणाराचा मणका मोडते. असलं काम माह्या हातून होणार नव्हतं. अन् आता तू नाई तवा खरं सांगतो. तो वाढवलेला पाटा माहा होता. त्याच पाट्यानं आपली ओळख करून देलती. तू माहंच काम माह्याच हातानं काढून फेकायले सांगून राह्यला होता. मले राग आला होता, अन् तो राग मी धंद्याच्या तत्त्वाखाली झाकून ठेवला.

एक दिवस तू सुतळी घेऊन आला. तिले मधात एक गाठ. म्हणे, एक टोक जमिनीवर ठेवलं का गाडीचं पायदान बरोबर या गाठीवर आलं पाहिजे, एक सूतही इकडे-तिकडे नाई. मी विचारलं, ही गाठ कोणत्या कलेक्टरनं मंजूर केली? तुनं माह्या भट्टीजवळच्या खिळ्याले सुतळी अडकवली अन् म्हणला, तुले अक्कल येईन तवा काढ. ती तिथंच लोंबकळत राह्यली, धुरानं काळी झाली. तीन वर्षं मी तिच्याकडे पाहत होतो, पण गाठ तिथंच काहून, हे काई मले विचारावंसं वाटलं नाई.

त्याच तीन वर्षांत सुमनवहिनीचं बाहेर निघणं कमी झालं. पहिले तू दुकानात आला का बाजूच्या सीटवर वहिनी राहेत, काचेतून हात करेत. रामनवमीले रामपायलीच्या मंदिरात जायचं ते दोघांनीच. मंग तू एकटाच दिसायले लागला. मी विचारलं त तू म्हणे, तिले आता घरच बरं वाटते. मी ऐकलं अन् सोडून देलं. गाडीत वहिनीच्या सीटपुढं, पाय ठेवायच्या जागी एक बुटकं लाकडी स्टूल राहे, तेही मी पायलं होतं. वाटलं, तुह्या मोजणीच्या सामानातलं असंल. गाडीचे पाय पाहण्यात जन्म गेला माहा, माणसाचे पाय मी कधी पायले नाईत.

मंग तुही छाती दुखली. मागचा शॉकअप तेल सोडून राह्यला म्हणून गाडी तवा माह्याच दुकानात होती. मीनल जबलपूरहून तिची गाडी घेऊन आली अन् तुले अन् वहिनीले नागपूरले घेऊन गेली. दहाव्या दिवशी तुहा फोन आला. आवाज अगदी बारीक, मी भट्टीचा पंखा बंद करून ऐकला.

"नाम्या, गाडी खाली करून ठेवजो. मी आल्यावर पाहतो."

मी म्हणलं, हौ. तीन वर्षांत पहिल्यांदा तुले हौ म्हणलं. मंग तिकडे कोणी तरी फोन घेतला अन् बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी ठोकळ्यांवर चढवली. तुले वाटत असंल, नाम्यानं डोळे पुसत पुसत काम केलं. अजिबात नाई. मी मजेत केलं. तू येणार होता, पाहणार होता, अन् तीन चकरा मारून काई तरी खोट काढणार होता, त ती खोट निघू द्यायची नाई, एवढंच डोक्यात होतं. मागचा वाढवलेला पाटा काढला. निस्ता पाटा काढून भागत नाई, म्हणून बाकीचे पाटे पुन्हा भट्टीत घालून त्यायचा बाक उतरवला, नवीन पाणी देलं, अन् एकावर एक असे बसवले का मधात कागद जाऊ नये. पुढच्या स्प्रिंगा कापल्या नाईत. नागपूरच्या एका ओळखीच्या कारागिराकडून नव्या वळवून आणल्या, लांबीले कमी पण तार जराक जाड. म्हणजे गाडी खाली येते पण मऊ पडून आपटत नाई. शॉकअप आखूड टाकले. आखूड स्प्रिंगेवर लांब शॉकअप म्हणजे उंच माणसाले लेकराच्या खाटेवर झोपवणं आहे, कुठी ना कुठी आपटतेच. मोठा दणका बसला का गाडी ज्या रबरावर टेकते, ते रबरही अर्धं केलं. चाकं सरळ करून घेतली. अन् गाडीची मान खाली आली का तिची नजरही खाली जाते, म्हणून हेडलाइटचा झोतही नव्यानं लावला. हे शेवटचं बहुतेक लोक विसरतात. मी विसरलो नाई.

मंग खिळ्यावरची काळी सुतळी काढली. एक टोक जमिनीले लावलं. गाठ पायदानाच्या एक बोट खाली राह्यली. दुसरा कोणी असता त म्हणला असता, चालते. मी पुन्हा पाटे खोलले. सहाव्या दिवशी गाठ पायदानाच्या कडेले बरोबर चिकटली, तुह्या भाषेत एक सूतही इकडे-तिकडे नाई. गाडी वैनगंगेच्या पुलापर्यंत नेऊन आणली. वळणावर अंग टाकत नव्हती, खड्ड्यात दात वाजवत नव्हती. मी एकटाच गाडीत मोठ्यानं म्हणलो, वा रे नामदेव मिस्त्री. खाली बसवलेली गाडीही ताठ चालू शकते, हे मले साठाव्या वर्षी कळलं. तुले फोन करून हे कबूल करायचं होतं. मोबाइल हातात घेतला, तेवढ्यात मीनलचाच फोन आला.

तेरवी होईपर्यंत गाडी दुकानातच उभी होती. काल सकाळी धुऊन-पुसून तुह्या अंगणात नेली. ती सुतळी आरशाले बांधून ठेवली होती, वहिनीले दाखवायले, का पाहा, तुमच्या नवऱ्याचं माप मी पाळलं. तिथं बिरश्याकडचा एक माणूस आधीच खुर्ची टाकून बसला होता. त्यानं गाडी पायली, उकिडवा बसला, पोटाखाली हात घालून पायला अन् मीनलले म्हणला, बेटी, ये तो हमारा नाला भी पार नहीं करेगी. मले काई समजेना. मीनल माह्याकडे वळली. पोरीले मराठी येते, पण राग तिले हिंदीतच येते.

"काका, पापा ने गाड़ी ख़ाली करने को बोला था, सामान निकालने को. नीची करने को किसने बोला?"

मंग तिनं सांगतलं. दवाखान्यात बाप-लेकीनं ठरवलं होतं, का आता गाडी चालवणारं घरी कोणी नाई, विकून टाकू. घेणारा माणूसही तिनंच पायला होता. म्हणून तुनं मले सामान काढून ठेवायले सांगतलं, फोनही तिनंच लावून देला होता. बिरश्याचा माणूस म्हणला, पुन्हा पहिल्यासारखी उंच झाली त कळवा, अन् निघून गेला. मी तिथंच उभा. 

मी तिले आपला करार सांगतला. म्हणलं, तुह्या बापात अन् माह्यात ठरलं होतं पोरी, रिकामं म्हणजे रिकामं अन् खाली म्हणजे खाली. तुह्याच लग्नात ठरलं होतं. ती थोडी नरम झाली. म्हणे, काका, पापा दहा दिवसांपासून नर्सांशी अन् माह्याशी हिंदीतच बोलून राह्यले होते, त्यायले कुठचा करार आठवते.  अन् एक गोठ मी तिले सांगतली नाई, ती तुले सांगतो. मी हौ म्हणल्यावर तुनं टोमणा मारला नाई. तीन वर्षं माह्या मागं लागलेला माणूस, मी कबूल झालो त आली का अक्कल असं म्हणल्याशिवाय फोन सोडते का? तुह्या आवाजात तेवढा दम नव्हता म्हणून, का तू ते बोललाच नव्हता म्हणून? फोन ठेवला तवापासून ही गोठ माह्या मनात टोचून होती. मी सहा दिवस घण मारून तिले दाबत होतो.

मी हार मानली. म्हणलं, मीनल, दोन दिवस दे. पाटा दुकानात पडला आहे, चढवून देतो, जशी होती तशी करून देतो. अन् चावी घेऊन गाडीत बसायले निघालो.

"थांबा भाऊजी," वहिनी म्हणल्या.

त्या कवापासून दारात उभ्या होत्या. भिंत धरत धरत, एकेक पाय जमिनीवर जोडत अंगणात आल्या. त्यायनं गाडीकडे पायलंच नाई पहिले. आरशाले बांधलेली सुतळी पायली. सोडून हातात घेतली, गाठीवर बोट फिरवलं अन् मले विचारलं, ही तुमच्याजवळ कशी? मी सांगतलं, वसंतानं देलती, तीन वर्षं झाले. तवा त्या ओट्यावर टेकल्या अन् त्यायनं जे सांगतलं ते तुनं मले तीन वर्षांत सांगतलं नव्हतं.

तुनं एका दुपारी वहिनीले याच ओट्यासमोर उभं केलं होतं. म्हणला होता, दुखल्याशिवाय पाय कितीक उचलते, तेवढा उचलून दाखव. त्यायनं उचलला, अन् तुनं जमिनीपासून सुतळी धरून तिथं गाठ मारली. कशाले म्हणून विचारलं त म्हणला, ओट्याची पायरी नवीन करायची आहे. पायरी काई झाली नाई. वहिनीले वाटलं, विसरला. गुडघे त्यायचे त्याच्या आधीच गेले होते. त्या उंच गाडीत चढायले स्टूल ठेवावं लागे, अन् चार लोकांत म्हातारीनं स्टुलावर चढायचं, याची त्यायले लाज वाटे. म्हणून त्यायनं जाणंच सोडलं. अन् तुले शपथ घातली होती, का माह्या गुडघ्याचं गावात कोणाले सांगायचं नाई, नामदेवभाऊजीले त नाईच नाई, ते दुकानात बसून सगळ्यांले सांगतीन.

वसंता, अबे वसंता. तू बायकोची शपथ पाळायले तीन वर्षं माह्या दुकानात हासं करून घेतलं. उलटी टोपी ऐकून घेतली. ढमढम गाणे ऐकून घेतले. अन् दर महिन्याले पुन्हा येऊन तेच मागत होता, माह्यासारख्या शहाण्याकडे. एकदा माह्या कानात सांगतलं असतं त मी त्याच दिवशी भट्टी पेटवली असती. पण तू सांगणार नाई, कारण शब्द म्हणजे शब्द. अन् मी विचारणार नाई, कारण मले सगळं कळते. तीन वर्षं वहिनी घरात बसल्या त्या तुह्या मौनानं कमी अन् माह्या तोंडानं जास्त. हे मी वहिनीसमोर बोललो नाई, माह्यानं बोलवलंच नाई. इथं लिहून देतो. चूक माही आहे. सगळी नाई, पण अर्ध्याच्या वर.

वहिनी उठल्या. गाडीच्या दाराशी गेल्या, दार उघडलं. मी पुढं झालो त हातानंच थांबवलं. उजवा हात दाराच्या कडीले, उजवा पाय उचलला. मी श्वास धरून राह्यलो, पाटे ट्रकखाली लावतानाही कधी धरला नाई तेवढा. पाय पायदानावर टेकला. मंग दुसरा. अन् वहिनी आपल्या जागेवर जाऊन बसल्या, जशा बाजारातून येऊन घरात बसतात तशा. गाडी त्यायच्या वजनानं जराशी दबली अन् लगेच सावरली. शॉकअपनं आपलं काम चोख केलं.

"मम्मी, आप चढ़ गईं," मीनल म्हणली अन् रडायले लागली.

मंग तिनंच विचारलं, आता चालवणार कोण? वहिनीनं माह्याकडे बोट दाखवलं. म्हणल्या, सव्वा महिना होऊ द्या, मंग रामपायलीले जाऊ. मी म्हणलं, हौ. मीनलनं त्या बिरश्याच्या माणसाले फोन लावला, गाडी विकायची नाई म्हणून सांगतलं अन् तो बोलणं चालू करायच्या आतच बंद केला.

पण माही टोचणी गेली नव्हती. मी खिडकीजवळ जाऊन वहिनीले विचारलंच, का तुम्ही त त्याच्या खाटेजवळ होत्या, तो फोनवर खाली म्हणला त कोणतं खाली म्हणला?  त्या वाकल्या, पायाशी पडलेलं ते बुटकं लाकडी स्टूल उचललं अन् खिडकीतून माह्या हातात देलं.

"हे घेऊन जा भाऊजी," त्या म्हणल्या. "आता झाली गाडी खाली."

स्टूल दुकानात आणलं आहे. त्याच्यावर बसूनच हे लिहून राह्यलो, गुडघे छातीले लागून राह्यले. भांडण मिटलं, वसंता. आता मले रडू दे.